मुलांच्या डोळ्यांना न दिसणारा वेग

‘सायकलवरून शाळेत? या ट्रॅफिकमध्ये? नको गं बाई!’ ही भीती फुकाची नाही, फक्त तिचा रोख चुकतो. पोराला सायकल जमणार नाही, ते पडेल, असं आपल्याला वाटतं. खरं तर तोल सांभाळणं हा या साऱ्यातला सोपा भाग. सायकल ज्या बाजूला कलते त्याच बाजूला हँडल किंचित वळवलं की चाकं पुन्हा शरीराखाली येतात. हे मेंदू आपसूक शिकतो. फक्त सायकलला कलू दिलं पाहिजे, आणि मागे लावलेली दोन छोटी चाकं नेमकं तेच होऊ देत नाहीत. त्यापेक्षा पेडल काढून टाका, दोन्ही पाय जमिनीला टेकतील इतकी सीट खाली घ्या आणि मुलाला सोसायटीच्या आवारात पायाने रेटत फिरू द्या. तोल आला की पेडल परत लावा.

खरी अडचण डोळ्यांची आहे. गाडी जवळ येते तसं डोळ्यातलं तिचं चित्र मोठं होत जातं. ते किती झपाट्याने मोठं होतंय, यावरून मेंदू अंदाज बांधतो. आता ताशी ३० किलोमीटरने येणारी एक गाडी आपल्यापासून ५ सेकंदांवर आहे असं समजा. ती असते साधारण ४२ मीटर दूर. ताशी ६० ने येणारी दुसरी गाडी त्याच वेळी ८३ मीटरवर असते. दोघी पोहोचणार एकाच क्षणी. पण दुसरी लांब असल्याने लहान दिसते आणि तिचं चित्र त्या घडीला निम्म्याच गतीने वाढत असतं. म्हणजे जी जास्त घातक, तीच डोळ्याला जास्त निवांत वाटते!

मोठ्यांची नजर हा घोटाळा बऱ्यापैकी निस्तरते, मुलांची नाही. लंडन विद्यापीठाच्या रॉयल हॉलोवे कॉलेजातील संशोधकांनी २०११ मध्ये दाखवून दिलं, की गाडीचा वेग ताशी २० मैलांच्या, म्हणजे सुमारे ३२ किलोमीटरच्या पुढे गेला, की प्राथमिक शाळेतल्या मुलांना ती अंगावर येतेय हे खात्रीने ओळखता येत नाही. ‘नीट बघून जा’ असं दहादा बजावलं तरी इथे उपयोग मर्यादितच. मूल नीटच बघत असतं.

तेव्हा शिकवायचं कोणाला? माझ्या मते आधी गाडीवाल्यांना. वेग दुप्पट झाला की धडकेतली ऊर्जा चौपट होते आणि करकचून ब्रेक दाबल्यावर लागणारं अंतरही चौपट. शाळेभोवती ताशी ३० ची मर्यादा मागण्यामागे हे साधं गणित आहे. नेदरलँड्समध्ये १९७१ या एका वर्षात रस्त्यांवर ४०० हून अधिक मुलं गेली. त्यातून पालक रस्त्यावर उतरले, ‘मुलांचे खून थांबवा’ ही चळवळ उभी राहिली आणि वस्त्यांमधल्या गाड्यांना लगाम बसत गेला. तिथली प्राथमिक शाळेतली मुलं आज प्रत्यक्ष रस्त्यावर सायकलची परीक्षा देतात, पण ती वेसण घातलेल्या रस्त्यावर. आपल्याकडे मात्र शाळा सुटताना फाटकाशी स्कूटर, रिक्षा, व्हॅन एकमेकींत अडकलेल्या, आणि त्यातले बरेचसे पालक ट्रॅफिकच्याच धास्तीने गाडी घेऊन आलेले!

या चित्रासमोर बिहारचं उदाहरण ठेवावंसं वाटतं. तिथल्या सरकारने २००६ पासून नववीतल्या मुलींना सायकलीसाठी पैसे दिले. कार्तिक मुरलीधरन आणि निशिथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी शेजारच्या झारखंडशी तुलना करून पाहिलं, तेव्हा माध्यमिक शाळेतला मुलींचा प्रवेश ३२ टक्क्यांनी वाढल्याचं दिसलं. सर्वाधिक फायदा शाळा ३ किलोमीटर किंवा त्याहून लांब असलेल्या गावांत झाला. मुली घोळक्याने जात, त्यामुळे वाटेतली भीतीही कमी झाली. महाराष्ट्रातही मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात. शहरातल्या सोसायट्यांनी यातला घोळका तेवढा उचलावा: एका रस्त्याची पाच-सात मुलं, पुढे एक मोठं माणूस, मागे एक. वाहनांचा अंदाज त्या दोघांनी घ्यायचा, मुलांनी फक्त सायकल चालवायची.