महिलांचा सुवर्णचेंडू

फुटबॉलपटूला वैयक्तिक कामगिरीसाठी जे पुरस्कार दिले जातात, त्यांमध्ये 'बॅलन डी'ओर' हा अतिशय मानाचा समजला जातो. या फ्रेंच नावाचा अर्थ 'सोन्याचा चेंडू' असा आहे. 'फ्रान्स फुटबॉल' या नियतकालिकाने १९५६ साली हा पुरस्कार सुरू केला. पहिला मान इंग्लंडच्या स्टॅन्ली मॅथ्यूज यांना मिळाला. तेव्हा त्यांचे वय ४१ वर्षांचे होते. आरंभी केवळ युरोपीय खेळाडूंचाच विचार होत असे. १९९५ पासून युरोपातील क्लबांकडून खेळणाऱ्या कोणत्याही देशाच्या खेळाडूला आणि २००७ पासून जगातील कोणत्याही खेळाडूला तो मिळू लागला. पुरस्काराची कक्षा अशी रुंदावत गेली. स्त्रिया मात्र तिच्या बाहेरच राहिल्या. स्त्री-खेळाडूच्या हाती हा चेंडू प्रथम आला तो २०१८ साली, म्हणजे बासष्ट वर्षांनी.

या विलंबाचे कारण काय? त्या काळात स्त्रिया फुटबॉल खेळतच नव्हत्या, असे उत्तर पुष्कळदा दिले जाते. परंतु ते खरे नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमधील प्रेस्टन येथे 'डिक, कर' या कारखान्यात काम करणाऱ्या स्त्रियांनी आपला संघ उभारला होता. सामन्यांतून मिळणारा पैसा त्या जखमी सैनिकांसाठी आणि इतर सत्कार्यांसाठी देत. २६ डिसेंबर १९२० रोजी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्क मैदानावर त्यांचा सामना पाहण्यास सुमारे ५३,००० प्रेक्षक जमले आणि हजारो लोकांना जागेअभावी बाहेरच थांबावे लागले. या यशाचे फळ असे, की पुढच्याच वर्षी, ५ डिसेंबर १९२१ रोजी, इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने आपल्या सदस्य क्लबांची मैदाने स्त्रियांसाठी बंद केली. हा खेळ स्त्रियांना योग्य नाही, असे कारण देण्यात आले. ही बंदी सुमारे पन्नास वर्षे टिकली. जर्मनीत १९५५ ते १९७० आणि ब्राझीलमध्ये १९४१ ते १९७९ या काळात अशीच बंदी होती. ब्राझीलमध्ये तर तो देशाचा कायदाच होता. ज्यांना मैदानच नाकारले, त्यांच्यामधून सर्वोत्तम कोण हे ठरवण्याचा प्रश्न उद्भवणार तरी कसा?

महिलांची पहिली विश्वचषक स्पर्धा १९९१ साली चीनमध्ये झाली. १९९६ साली ऑलिंपिकमध्ये महिला फुटबॉलचा समावेश झाला. त्यानंतर 'फिफा' या जागतिक संघटनेने २००१ पासून वर्षातील सर्वोत्तम महिला खेळाडूचा स्वतंत्र पुरस्कार देण्यास प्रारंभ केला. पहिली दोन वर्षे तो अमेरिकेच्या मिया हॅमला आणि पुढील तीन वर्षे जर्मनीच्या बिर्गिट प्रिन्झला मिळाला. नंतर आली ब्राझीलची मार्ता. बंदी उठल्यानंतर अवघ्या सात वर्षांनी, १९८६ साली, ब्राझीलच्या ईशान्येकडील एका लहानशा गावात ती जन्मली. २००६ ते २०१० अशी सलग पाच वर्षे आणि पुन्हा २०१८ साली तिने हा पुरस्कार पटकावला. विश्वचषक स्पर्धांत तिने एकूण १७ गोल केले आहेत. इतके गोल विश्वचषकात कोणत्याही पुरुष खेळाडूच्याही नावावर नव्हते, तेव्हाच तिने ते केले होते. तरीही सुवर्णचेंडूच्या मानकऱ्यांत मार्ताचे नाव नाही, कारण तिच्या बहराच्या काळात तो चेंडू स्त्रियांसाठी नव्हताच. या पुरस्काराची यादी वाचताना ही उणीव ध्यानात ठेवणे भाग आहे.

३ डिसेंबर २०१८ रोजी पॅरिसमध्ये नॉर्वेची आडा हेगरबर्ग पहिली मानकरी ठरली. तेव्हा ती २३ वर्षांची होती. फ्रान्समधील लिआँ या क्लबकडून खेळताना तिने त्या हंगामातील युरोपीय चॅम्पियन्स लीग स्पर्धेत १५ गोलांचा विक्रम केला होता. आपल्या भाषणाच्या शेवटी तिने जगभरातील लहान मुलींना स्वतःवर विश्वास ठेवण्याचे आवाहन केले. आणि त्यानंतर काही क्षणांतच कार्यक्रमाच्या सूत्रसंचालकाने तिला विचारले, की एक विशिष्ट उत्तान नृत्य तिला करता येते का! तिने 'नाही' एवढेच उत्तर देऊन पाठ फिरवली. जगभरातून टीका झाल्यावर सूत्रसंचालकाने क्षमा मागितली. स्वतः हेगरबर्गने तो प्रसंग फारसा मनाला लावून घेतला नाही. परंतु असा प्रश्न पुरुष विजेत्याला कोणी विचारला असता का, ही शंका राहतेच.

हेगरबर्गचा खरा झगडा निराळा होता. महिला संघाला मिळणाऱ्या वागणुकीवर असमाधानी होऊन तिने २०१७ सालीच राष्ट्रीय संघ सोडला होता. त्याच वर्षी नॉर्वेच्या संघटनेने पुरुष व महिला संघांना समान मानधन देण्याचा करार केला. तरीही ती परतली नाही, कारण तिचा आक्षेप केवळ पैशांविषयी नव्हता; सरावाची साधने, नियोजन आणि आदर यांविषयी होता. जगातील सर्वोत्तम ठरलेली ही खेळाडू २०१९ च्या विश्वचषकात खेळलीच नाही. २०२२ साली ती राष्ट्रीय संघात परतली आणि परतताच कोसोव्होविरुद्ध तीन गोल केले.

निवडीची पद्धतही समजून घेण्यासारखी आहे. प्रथम तीस खेळाडूंची यादी जाहीर होते. पहिल्या वर्षी ती पंधरांचीच होती. महिलांच्या पुरस्कारासाठी फिफाच्या क्रमवारीतील पहिल्या पन्नास देशांतून प्रत्येकी एक पत्रकार मत देतो. २०२४ पासून प्रत्येक पत्रकार दहा नावे क्रमाने लिहितो. पहिल्या नावास १५ गुण, दुसऱ्यास १२, असे उतरत दहाव्या नावास १ गुण मिळतो. वैयक्तिक खेळ व सामन्याचा निकाल फिरवण्याची क्षमता हा पहिला निकष, संघाचे यश हा दुसरा आणि खिलाडूवृत्ती हा तिसरा. २०२२ पासून कॅलेंडरच्या वर्षाऐवजी फुटबॉलचा हंगाम विचारात घेतला जातो. फिफाच्या पुरस्कारासाठी मात्र राष्ट्रीय संघांचे कर्णधार, प्रशिक्षक, पत्रकार आणि चाहतेही मत देतात. त्यामुळे दोन्हींचे निर्णय नेहमी जुळतातच असे नाही. २०१८ साली फिफाने मार्ताला आणि 'फ्रान्स फुटबॉल'ने हेगरबर्गला निवडले, ते यामुळेच.

२०१९ साली अमेरिकेची मेगन रॅपिनो विजेती ठरली. त्याच वर्षी तिने व तिच्या सहकाऱ्यांनी समान वेतनासाठी आपल्याच संघटनेविरुद्ध दावा दाखल केला होता. २०२२ साली तो तडजोडीने मिटला. २०२० साली कोविडमुळे पुरस्कार दिला गेला नाही. २०२१ पासून मात्र हा चेंडू बार्सिलोनाहून हललेला दिसत नाही. २०२१ व २०२२ साली त्या क्लबची अलेक्सिया पुतेयास आणि २०२३, २०२४ व २०२५ अशी सलग तीन वर्षे तिचीच सहकारी आइताना बोनमाती. २०२३ साली स्पेनने विश्वचषक जिंकला, परंतु पदकवितरणाच्या वेळी स्पेनच्या संघटनेच्या अध्यक्षांनी जेनी एर्मोसो या खेळाडूचे तिच्या संमतीविना चुंबन घेतले. काही दिवसांतच युरोपातील दुसरा एक पुरस्कार स्वीकारताना बोनमातीने व्यासपीठावरून एर्मोसोची बाजू जाहीरपणे घेतली. पुढे अध्यक्षांना पद सोडावे लागले आणि २०२५ साली न्यायालयाने त्यांना दोषी ठरवले.

२०२५ च्या निवडीवर वाद झाला. त्या हंगामात चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात बोनमातीचा क्लब आर्सेनलकडून हरला आणि युरोपीय अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात स्पेन इंग्लंडकडून. असे असता पराभूत संघाची खेळाडू सर्वोत्तम कशी, असा प्रश्न विचारला गेला. पण निकषांचा क्रम पाहिला तर उत्तर मिळते. स्पर्धेच्या तोंडावर तिला मेंदूज्वरामुळे रुग्णालयात राहावे लागले होते. तरीही उपान्त्य सामन्यात जर्मनीविरुद्ध जादा वेळेत निर्णायक गोल तिनेच केला.

भारतीय महिला संघ २०२५ साली पहिल्या पन्नास देशांत नव्हता. त्यामुळे सुवर्णचेंडूच्या निवडीत भारतीय पत्रकाराला स्थान नव्हते. फिफाच्या पुरस्कारासाठी मात्र भारताची कर्णधार आणि प्रशिक्षक यांचे मत इतर देशांच्या मतांइतकेच मोजले जाते.