ब्लाँडी म्हणजे एकटी डेबी नव्हे

डेबी हॅरीचा जन्म १ जुलै १९४५ रोजी अमेरिकेतल्या मायामीत झाला. जन्माचे नाव अँजेला ट्रिंबल. तीन महिन्यांची असताना न्यू जर्सीतल्या हॉथॉर्न गावच्या हॅरी दांपत्याने तिला दत्तक घेतले आणि ती डेबोरा झाली. चर्चच्या गायकवृंदात ती गायली. पण खरा संस्कार झाला तो रेडिओवरच्या 'गर्ल ग्रुप'चा. शांग्रिलाजसारखी मुलींची पथके एवढ्याशा गाण्यात प्रेम, विरह, घरच्यांचा विरोध असे अख्खे नाट्य उभे करीत. पुढे हॅरीने कितीही शैली हाताळल्या, तरी हा गोड आणि किंचित नाटकी सूर कधी सुटला नाही.

नाव मिळायला मात्र वेळ लागला. न्यूयॉर्कमध्ये तिने बीबीसीच्या कार्यालयात सेक्रेटरीचे काम केले, 'मॅक्सेस कॅन्सस सिटी' या कलावंतांच्या अड्ड्यावर वेट्रेस म्हणून राबली, प्लेबॉय क्लबातही नोकरी केली. 'विंड इन द विलोज' या लोकसंगीताच्या वळणाच्या गटात ती साथीला गायली. १९६८चा त्यांचा अल्बम फारसा कोणाच्या लक्षात आला नाही. नंतर 'स्टिलेटोज' या गटात गात असताना तिला गिटारवादक ख्रिस स्टाइन भेटला. १९७४मध्ये दोघांनी स्वतःचा बँड काढला. सोनेरी केसांच्या हॅरीला रस्त्यात ट्रकवाले 'ए ब्लाँडी' अशी हाक मारत; तेच नाव बँडला दिले. पुढच्या साऱ्या घोटाळ्याचे बीज या नावातच होते.

न्यूयॉर्कच्या बावरी भागातल्या 'सीबीजीबी' क्लबात तेव्हा रमोन्स, टेलिव्हिजन, टॉकिंग हेड्स असे बँड वाजवत. पंकचा उद्धटपणा अंगात, पण चाल, कीबोर्ड आणि नृत्याचा ठेका यांचे वावडे नाही, अशा संगीताला 'न्यू वेव' हे नाव पडले. रेकॉर्ड कंपन्यांनाही ते सोयीचे वाटले, कारण 'पंक' म्हटले की रेडिओवाले बिचकत. ड्रमर क्लेम बर्क आणि कीबोर्डवादक जिमी डेस्ट्री आल्यावर ब्लाँडीचा आवाज पक्का झाला. पहिला अल्बम १९७६च्या अखेरीस निघाला. अमेरिकेआधी त्यांना उचलून धरले ते ऑस्ट्रेलियाने आणि ब्रिटनने.

१९७८च्या 'पॅरलल लाइन्स'ने चित्र पालटले. निर्माता माइक चॅपमन काटेकोर होता. एकेक तुकडा तो पुन्हापुन्हा वाजवून घेई. त्यातले 'हार्ट ऑफ ग्लास' बँडकडे काही वर्षे पडून होते आणि आपसात ते त्याला 'डिस्को साँग' म्हणत. रोलँड कंपनीच्या तालयंत्रावर चढवलेले हे गाणे १९७९मध्ये अमेरिका आणि ब्रिटन दोन्हीकडे पहिल्या क्रमांकावर गेले. पंकवाल्यांनी नाके मुरडली. बँडने मात्र वेगवेगळ्या शैलींत हात घालणे चालूच ठेवले: संगीतकार जॉर्जियो मोरोडरबरोबरचे 'कॉल मी' १९८०मध्ये अमेरिकेत सहा आठवडे अव्वल राहिले, 'द टाइड इज हाय' जमैकाच्या पॅरागॉन्सचे जुने गाणे होते, आणि 'रॅप्चर' हे १९८१मध्ये अमेरिकेच्या यादीत पहिले आलेले, रॅप असलेले पहिले गाणे ठरले. हॅरीचे रॅप आज भाबडे वाटते; पण ब्रॉन्क्सच्या गल्ल्यांतला हा प्रकार असंख्य घरांत पोचला तो तिच्या तोंडून.

यश वाढले तशी कुरबूरही वाढली. कॅमेरा हॅरीवरच खिळलेला, मुखपृष्ठावर तीच, आणि 'ब्लाँडी' हे तिचेच नाव असा लोकांचा समज. 'ब्लाँडी हा बँड आहे' असे बिल्ले वाटूनही तो पुसला गेला नाही. १९८२चा 'द हंटर' हा अल्बम आपटला, दौरा अर्ध्यावर सोडावा लागला आणि बँड मोडला. त्याच सुमारास स्टाइनला पेम्फिगस हा त्वचेवर फोड आणणारा गंभीर आजार जडला. हॅरीने कामे बाजूला ठेवून त्याची शुश्रूषा केली. एकटीचे अल्बम आले, 'व्हिडिओड्रोम' आणि 'हेअरस्प्रे' या चित्रपटांत भूमिका झाल्या; पण गायिका म्हणून तिची वाढ दिसते ती 'जॅझ पॅसेंजर्स' या गटाबरोबरच्या कामात. तिथे दिसण्याला फारसे महत्त्व नव्हते, गाणेच ऐकले जात होते.

हॅरी आणि स्टाइन यांचे नाते ऐंशीच्या दशकात संपले, मैत्री टिकली. १९९७मध्ये स्टाइनच्या पुढाकाराने हॅरी, बर्क, डेस्ट्री पुन्हा एकत्र आले. १९९९च्या 'नो एग्झिट'मधले, डेस्ट्रीने लिहिलेले 'मारिया' ब्रिटनमध्ये पहिले आले, 'हार्ट ऑफ ग्लास'नंतर बरोबर वीस वर्षांनी. हॅरी तेव्हा ५३ वर्षांची होती. याच अल्बममध्ये शांग्रिलाजचे 'आउट इन द स्ट्रीट्स'ही आहे.

पुनर्मीलन सर्वांचे नव्हते. वगळले गेलेले गिटारवादक फ्रँक इन्फान्टे आणि बेसवादक नायजेल हॅरिसन कोर्टात गेले आणि हरले. २००६मध्ये 'रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम'च्या सोहळ्यात इन्फान्टेने व्यासपीठावरच आपल्यालाही वाजवू द्या अशी विनंती केली. हॅरीने ती मानली नाही. जे वाक्य बिल्ल्यांवर छापून वाटले, ते कोणाकोणाला लागू, हा वाद असा चारचौघांत आला. त्यानंतरही बँड थांबला नाही. २०१७मध्ये 'पॉलिनेटर' हा अल्बम आला. एप्रिल २०२५मध्ये क्लेम बर्कचे निधन झाले आणि मूळ जोडीबरोबर पहिल्या अल्बमपासून टिकून राहिलेला ड्रमर गेला.