छोटे पिझ्झे आणि रायपूरचा उन्हाळा

पिटा ही पश्चिम आशिया आणि पूर्व भूमध्य प्रदेशातील गव्हाची रोटी होय. ती आंबवलेल्या कणकेची, लहान व गोल असते आणि अतिशय तापलेल्या भट्टीत अवघ्या काही मिनिटांत भाजली जाते. भाजताना तिचे दोन पदर सुटतात व मध्ये पोकळी निर्माण होते. आपल्या वाचकाला यात नवल वाटण्याचे कारण नाही. घरातला फुलका रोज नेमके हेच करीत असतो. कणकेतील पाण्याची वाफ होते, वाफेला पाण्याच्या सुमारे सोळाशे पट जागा लागते, आणि वरचा व खालचा पापुद्रा तोवर आवळून आलेला असल्याने ती बाहेर न पडता रोटीला फुगवते. भेद एवढाच की फुलक्याची कणीक आंबवलेली नसते आणि तो पिटाहून पातळ असतो.

या रोटीवर टोमॅटोचा दाट रस, भाज्यांचे तुकडे व चीज घालून ती पुन्हा तापवली की छोटा पिझ्झा तयार होतो. मुलांसाठी लिहिलेल्या परदेशी पुस्तकांत सुटीतला उद्योग म्हणून ही कृती नेहमी आढळते. तिचे पहिले वाक्य बहुधा असे असते : दुकानातून पिटाचे एक पुडके आणावे. रायपूरच्या गोलबाजारात असे पुडके मिळेलच याची शाश्वती नाही. अनुवादकाला हे वाक्य मराठीत सहज उतरवता येते, पण त्याने मुलाच्या हाती काही पडत नाही. म्हणून येथे रोटीपासूनच आरंभ केला आहे.

पिझ्झा हा इटलीतील नेपल्स शहराच्या गरीब वस्तीचा पदार्थ. 1889 मध्ये राणी मार्गेरिटा तेथे आली असता तिच्यासाठी टोमॅटो, चीज व तुळशीच्या जातीची हिरवी पाने घालून पिझ्झा करण्यात आला आणि त्याला तिचे नाव मिळाले, अशी कथा सांगितली जाते. इतिहासकार तिच्याविषयी साशंक आहेत. 2017 मध्ये नेपल्सच्या पिझ्झा करणाऱ्यांच्या कौशल्याला युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. टोमॅटो मात्र मूळचा इटलीचाही नव्हे आणि आपलाही नव्हे. तो अमेरिका खंडातून सोळाव्या शतकात युरोपात गेला व पुढे आपल्याकडे आला. रायपुरात त्याला छत्तीसगढीत ‘पताल’ म्हणतात, हिंदीत टमाटर आणि मराठी घरात टोमॅटो. येथील मराठी मूल हे तिन्ही शब्द एकाच दिवसात वापरते.

अशी घरे येथे बरीच आहेत. छत्तीसगड हा नागपूरकर भोसल्यांच्या राज्याचा भाग होता. ते राज्य 1854 मध्ये खालसा झाले. परंतु त्यानंतरही, मध्य प्रांताच्या काळापासून थेट 1956 पर्यंत, रायपूर व नागपूर एकाच राज्यकारभाराखाली राहिली. नोकरी, वकिली आणि शिक्षकी यांच्या निमित्ताने मराठी कुटुंबे येथे स्थिरावली. त्यांच्या स्वयंपाकघरात भाकरी आणि चिला शेजारी शेजारी आले. तांदळाच्या पिठाचे पातळ घावन म्हणजे चिला, आणि त्याच्या जोडीला पतालची चटणी, हा छत्तीसगडी घरांतला नित्याचा नाश्ता. ‘अंगाकर’ नावाची जाड रोटी याहून आपल्या विषयाच्या जवळची आहे. तांदळाच्या पिठात उरलेला भात मळून ती थापतात, पानांत गुंडाळतात आणि निखाऱ्यांवर भाजतात. विदर्भातील पानगे किंवा कोकणातील पानगी ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या रोटीची ओळख करून द्यावी लागत नाही. जाड रोटी आणि तिच्यावर काही चमचमीत, ही कल्पना या मातीला परकी नाही.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. दोन वाट्या कणीक, एक वाटी मैदा, पाऊण चहाचा चमचा मीठ, एक चमचा साखर, एक चमचा तेल आणि किण्व, म्हणजे बाजारात मिळणारे कोरडे दाणेदार यीस्ट. एवढ्या पिठाला परदेशी कृतीत एक चहाचा चमचा यीस्ट सांगितलेले असते व कणीक तास-दीड तास झाकून ठेवावी, असे लिहिलेले असते. हा हिशेब ज्या घरातील हवा वीस-बावीस अंशांची आहे त्या घराचा आहे. रायपुरात मे महिन्यात पारा 44 अंशांवर जातो आणि नवतप्यात, ज्याला येथे ‘नौतपा’ म्हणतात, रात्रीही भिंतींतील उष्णता जात नाही. यीस्ट हा सजीव आहे. ऊब वाढली की त्याचा वेग वाढतो, आणि साधारण पन्नास-पंचावन्न अंशांच्या पुढे तो मरू लागतो. प्रस्तुत लेखकाने पहिल्या खेपेस पुस्तकातील घड्याळावर विश्वास ठेवला. तासाभराने कणीक डब्याचे झाकण उचलून ओट्यावर उतरली होती आणि तिला दारूसारखा वास येत होता. मुलांना तो प्रसंग फारच आवडला. रोट्या मात्र आंबट झाल्या.

म्हणून अर्धा चमचा यीस्ट पुरेसे आहे आणि वेळ घड्याळाने ठरवू नये. कणीक आकाराने दुप्पट झाली की ती झाली. मुलाने काचेच्या किंवा पारदर्शक डब्यात कणीक ठेवावी, बाहेरून दोऱ्याने किंवा खडूने खूण करावी आणि दर दहा मिनिटांनी पाहावे. ओले बोट कणकेत रोवले असता खड्डा हळूहळू अर्धवट भरला तर ती तयार आहे. लगेच उसळून भरला तर अजून थांबावे. मुळीच भरला नाही तर उशीर झाला. ही परीक्षा सात वर्षांच्या मुलालाही करता येते, आणि एकदा आली की पुस्तकाची गरज पुष्कळशी संपते.

पाण्याचीही गोष्ट अशीच. कृतीत ‘कोमट पाणी’ लिहिलेले असते. येथे उन्हाळ्यात गच्चीवरील टाकीचे पाणी दुपारी हाताला चटका देते. ते तसेच घातले तर यीस्ट मरते आणि कणीक दगडासारखी बसून राहते. मनगटाच्या आतल्या बाजूवर थेंब टाकून पाहावा व माठातले पाणी मिसळावे. एकूण सव्वा वाटीच्या आसपास पाणी लागते, परंतु प्रत्येक कणकेची तहान निराळी असते; थोडे थोडे घालणे हेच उत्तम. कणीक पोळीच्या कणकेहून किंचित सैल असावी आणि आठ-दहा मिनिटे मळावी. गव्हातील प्रथिने पाण्याशी संयोग पावून जी लवचीक जाळी तयार होते, ती मळण्याने घट्ट होते व यीस्टने सोडलेला वायू तीत अडकून राहतो. तांदळात व ज्वारीत ही जाळी होत नाही, म्हणून त्यांच्या पिठाला यीस्ट घालून फारसे हाती लागत नाही.

फुगलेल्या कणकेचे दहा गोळे करून ओल्या फडक्याखाली झाकावेत. येथील उन्हाळी हवा इतकी कोरडी असते की उघड्या गोळ्यावर काही मिनिटांत साल धरते. गोळे पुरीहून मोठे आणि जाड पराठ्याच्या बेताने लाटावेत. गोल येण्याचा आग्रह धरू नये. छत्तीसगडच्या नकाशासारखी रोटीही तितकीच चांगली भाजते. चांगल्या तापलेल्या जाड तव्यावर दोन्ही बाजूंनी भाजून त्या फडक्यात गुंडाळून ठेवाव्यात. कित्येक रोट्या फुगतात, कित्येक फुगत नाहीत. पिझ्झ्यासाठी दोन्ही चालतात.

चटणीसाठी चार-पाच पताल विस्तवावर भाजून, साल काढून, लसूण व मिठासह वाटावेत. छत्तीसगडी घरात हिरवी मिरची व कोथिंबीर घालतात. लहान मुलांसाठी मिरची बेतानेच घ्यावी. ही चटणी कच्ची न वापरता कढईत इतकी आटवावी की चमचा फिरवल्यावर मागे वाट राहील. पाणी राहिले की रोटी भिजून फाटते. छोट्या पिझ्झ्याच्या बहुतेक अपयशांचे मूळ येथेच असते. दुसरी युक्ती अशी की रोटी पुन्हा तव्यावर टाकून एक बाजू कुरकुरीत करावी, ती उलटावी आणि त्या कुरकुरीत बाजूवर चटणी पसरावी. वर कांदा, ढोबळी मिरची, मक्याचे दाणे, जे असेल ते. मग झाकण ठेवून मंद आचेवर चार-पाच मिनिटे. ओव्हनची गरज नाही.

चीज आणि पनीर यांतला फरक मुलांना प्रत्यक्षच दाखवावा : एका रोटीवर किसलेले चीज, दुसरीवर किसलेले पनीर. चीज वितळून पसरते, पनीर जागचे हलत नाही. आम्लाने फाडलेल्या दुधाची प्रथिने एकमेकांना इतकी घट्ट धरून राहतात की आच लागली तरी ती मऊ होतात, वाहत नाहीत.

येथे धोक्याविषयी स्पष्ट लिहिणे आवश्यक आहे. उन्हाळ्यात स्वयंपाकघरात कूलरचा झोत असतो आणि त्याने शेगडीची ज्योत विझू शकते. वायू मात्र चालूच राहतो. भाजण्याच्या वेळी कूलर व पंखा बंद ठेवावा आणि खिडकी उघडी असावी. साहजिकच हे काम दुपारचे नव्हे. सकाळी आठच्या आत किंवा दिवेलागणीनंतर करावे. लाटणे, चटणी पसरणे, भाज्या मांडणे हे सर्व वयांच्या मुलांचे; तव्यावरचे काम नऊ-दहा वर्षांपुढच्यांचे, तेही चिमट्याने, सुती कपड्यांत आणि मोठ्या माणसाच्या देखत. चिरलेल्या भाज्या, पनीर व चीज लागेपर्यंत फ्रिजमध्येच असावे. या तापमानात ती तासाभरात धोक्याची होतात.

अक्षय तृतीयेला, म्हणजे येथील अक्तीला, छत्तीसगडची मुले मातीच्या पुतरा-पुतरीचे लग्न लावतात. आपल्याकडे भातुकली आहे. या खेळांत चूल खोटी असते आणि भात मानलेला असतो. सात-आठ वर्षांचे मूल त्यातून बाहेर येऊ पाहत असते, आणि नेमक्या त्या वयात आपण त्याला स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरून परत पाठवतो. मुलग्यांना तर हमखास. खरी कणीक, खरी आच आणि बिघडण्याची खरी शक्यता असलेले काम त्याला याच वयात हवे असते. रोटी करपली तर ती त्याने स्वतः करपवलेली असते आणि तो ती मुकाट्याने खातो, असा अनुभव आहे.

ज्या घरात गहू चालत नाही तेथे चिल्याचा पाया करावा. तांदळाचे पीठ मीठ-पाण्यात नेहमीपेक्षा दाट भिजवून तव्यावर लहान, जाडसर चिले घालावेत आणि वर तीच चटणी. ते आंबवावे लागत नाहीत, म्हणून घाईच्या दिवशीही सोयीचे. आंबवलेली कणीक उरलीच तर झाकून फ्रिजमध्ये ठेवावी. ती तेथेही हळूहळू फुगत राहते, तेव्हा डबा निम्माच भरावा. दुसऱ्या दिवशी ती जराशी आंबूस लागते, आणि तिच्या रोट्या गूळ-तुपाबरोबर पिझ्झ्याआधी संपतात.