कोपीतल्या बाळाची लस

दिवाळीच्या सुमारास बीड, अहिल्यानगरकडून ऊसतोड टोळ्या बारामती-इंदापुरात उतरतात. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरच्या कारखान्यांभोवती, नीरा-भीमेकाठच्या फडांजवळ कोप्या, म्हणजे त्यांच्या तात्पुरत्या झोपड्या, पडतात. बाळाच्या लसी सहा, दहा, चौदा आठवडे आणि नऊ महिने अशा ठरलेल्या. हंगाम पाच-सहा महिन्यांचा. म्हणजे बहुतेकदा एखादा तरी डोस फडातच यायचा.

तोड पहाटे सुरू होते, लसीकरणाचे सत्र दिवसा. नवरा-बायको जोडीने राबतात, त्यामुळे आईचा खाडा दोघांना पडतो. उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, तर आधीच घेतलेली. लसीचे कार्ड गावी पेटीत. पेंटाव्हॅलंट लसीनंतर ताप येऊ शकतो. फणफणलेले लेकरू घेऊन पहाटे उसात कसे शिरायचे? या आयांना अडाणी म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

नंदुरबारात नर्मदाकाठच्या पाड्यांपर्यंत बोटीतून तरंगता दवाखाना गेला. इथे तर रस्ते आहेत. सत्र संध्याकाळी कोपीवरच भरवायला हवे.

डोस चुकला तरी मालिका पहिल्यापासून सुरू करावी लागत नाही. कार्ड नसले, गाव दुसरे असले तरी सरकारी केंद्रात लस मोफत मिळते. बारामतीतल्या जळोचीच्या आसपास कोपी दिसली, तर एवढे तिथे सांगा आणि आशाताईंना कळवा.