खापराची साक्ष

उन्हाळ्यात इस्रायलमधल्या उत्खननाचं काम पहाटे पाचच्या सुमारास सुरू होतं. दुपार जवळ आली की टेकाडावर उभं राहवत नाही, म्हणून ही घाई. अंधुक उजेडात माणसं चढण चढत असतात. त्यात विद्यार्थी असतात, निवृत्त मास्तर असतात, रजा काढून आलेले नोकरदारही असतात. यातले बरेचजण राहण्या-जेवणाचा खर्च स्वतः करून राबायला आलेले. प्रत्येकाच्या हाती छोटी कुदळ, थापी, ब्रश, सुपली आणि टायरच्या रबराचं घमेलं. एवढ्या सामानानिशी बायबलमधलं शहर शोधायचं असतं.

मगिद्दोचं उदाहरण घ्या. इज्रेल खोऱ्याच्या कडेला उभी असलेली ही टेकडी निसर्गानं केलेली नाही. कच्च्या विटांची घरं पडली, जळली, पावसात विरघळली आणि लोकांनी त्याच ढिगाऱ्यावर नवी घरं बांधली. पाणी तिथेच, शेती तिथेच, व्यापाराचा रस्ता तिथूनच जाणारा. गाव हलवणार कशाला? महाराष्ट्रात जुन्या गावाशेजारी पांढरीचं टेकाड असतं, तीच ही जात, फक्त उंचीला पुष्कळ जास्त. हजारो वर्षांत मगिद्दोला सुमारे तीस वस्त्या एकावर एक रचल्या गेल्या. २००५ साली मगिद्दो, हासोर आणि बैरशेबा या तीन टेकड्यांना युनेस्कोनं जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. प्रकटीकरणाच्या पुस्तकातल्या शेवटच्या लढाईशी मगिद्दोचं नाव जोडलेलं असल्यानं भाविकांच्या बसगाड्या येतात, मार्गदर्शक हात करून खालचं रणांगण दाखवतो. खड्ड्यात वाकलेल्या माणसाला मात्र जगाच्या अंतापेक्षा समोरची भिंत कुठे संपते याची जास्त काळजी असते.

ती काळजी खरोखरच मोठी असते. पाच मीटर लांब-रुंद चौकोन आखतात आणि शेजारच्या चौकोनापासून वेगळा राहावा म्हणून मीटरभर रुंदीचा बांध न खणता ठेवतात. त्या बांधाच्या उभ्या कडेवर थर वाचता येतात. खणताना कच्च्या विटेची भिंत आणि तिच्यावर पडलेली त्याच विटांची माती यांत फरक करायचा असतो, आणि दोन्ही दिसतात जवळजवळ सारखीच. मग पाणी शिंपडतात, ब्रश फिरवतात, तिरप्या उन्हाची वाट पाहतात. विटांमधल्या सांध्याची बारीक रेघ दिसली की भिंत सापडली. मातीचा रंग किंवा पोत बदलला की नोंदीचा क्रमांक बदलतो आणि खापरांची बादलीही बदलते. बादलीला चिठ्ठी बांधलेली असते: तारीख, चौकोन, थराचा क्रमांक, बादलीचा क्रमांक. चिठ्ठी हरवली तर बादलीतला माल कचऱ्याच्या मोलाचा होतो. एखाद्या शतकात कुणी धान्याचं पेव खणलं असेल आणि ते खालच्या जुन्या घराची जमीन फोडून गेलं असेल, तर पेवातली खापरं त्या जमिनीवरच्या खापरांत मिसळता कामा नयेत. मिसळली, तर घराचं वय काही शतकांनी चुकतं.

दुपारनंतर सावलीत बसून खापरं धुतात. हे काम कंटाळवाणं, पण इथेही एक शिस्त आहे. यहूदा राज्यातल्या शहरांवर खणताना खापर आधी नुसतं पाण्यात बुडवून दोन्ही बाजूंनी पाहतात आणि मगच त्याला घासणी लावतात. कारण त्या काळी फुटक्या मडक्याचे तुकडे चिठ्ठ्या लिहायला वापरत. शाईनं लिहिलेली ओळ घासणीच्या दोन हातांत कायमची जाते. लाखीशच्या वेशीतल्या एका खोलीत १९३५ साली अशाच खापरांवरची पत्रं मिळाली. बाबिलोनच्या नबुखद्नेस्सरानं यहूदा बुडवलं, त्याच्या आधीच्या शेवटच्या दिवसांतली ती पत्रं आहेत. त्यांतल्या एकात लिहिणारा कळवतो की आम्ही लाखीशच्या इशाऱ्याच्या जाळावर नजर ठेवून आहोत, अजेका आम्हाला दिसत नाही. यिर्मयाच्या पुस्तकात शेवटपर्यंत टिकलेली तटबंदीची शहरं म्हणून हीच दोन नावं आली आहेत.

अरादच्या किल्ल्यातली खापरं याहून साधी, आणि म्हणूनच कदाचित जास्त बोलकी. १९६०च्या दशकात योहानान आहारोनी यांच्या पथकाला ती मिळाली. कोठाराचा अधिकारी एल्याशीब याला आलेले हुकूम त्यांत आहेत: अमक्याला इतका द्राक्षारस द्या, तमक्याला इतकं पीठ द्या. यातल्या एका खापराची मागची बाजू कोरी आहे असं पन्नास वर्षं सगळे समजत होते. तेल अवीव विद्यापीठातल्या संशोधकांनी वेगवेगळ्या तरंगलांबीच्या प्रकाशात तिची छायाचित्रं घेतली, तेव्हा मागेही ओळी निघाल्या. २०१७ साली त्या प्रसिद्ध झाल्या. पत्र लिहिणाऱ्यानं तिथेही द्राक्षारसच मागितला होता.

अशी लिहिलेली खापरं क्वचित मिळतात. रोजच्या बादलीत असतात ती स्वयंपाकाची मडकी, रांजण, वाडगे आणि पणत्या यांचे तुकडे. ती टेबलावर पसरली जातात, भोवती सगळे जमतात आणि वाचन सुरू होतं. वाचणारा जाणकार पोटाचे तुकडे भराभर बाजूला सारतो. हात थांबतो तो काठ, कान आणि बूड यांवर. पोट सगळ्या मडक्यांचं गोलच असतं, काठ मात्र पिढ्यांगणिक बदलतो. कधी बाहेर वळतो, कधी जाड होतो, कधी त्याला धार येते. पणत्यांचंही तसंच. ख्रिस्तपूर्व २०००च्या आधी चार कोपऱ्यांना चिमटे काढलेली पणती मिळते, पुढे एकच चिमटा राहतो, तो खोल होत जातो, आणि यहूदा राज्याच्या अखेरीच्या पणतीला जाड, उंच बूड येतं. सोन्याचा दागिना आजीकडून नातीकडे जातो, त्यावरून काळ ठरवणं धोक्याचं. चुलीवरचं मडकं थोड्या दिवसांत फुटतं आणि फुटतं तिथेच पडून राहतं, म्हणून साक्षीदार म्हणून तेच बरं.

ही युक्ती फ्लिंडर्स पेट्री यांची. १८९० साली ते तेल-अल-हेसी या टेकाडावर काही आठवडे खणत होते. ओढ्यानं त्या टेकाडाची एक बाजू कापून काढली होती, त्यामुळे थर आयतेच उघडे पडले होते. कोणत्या उंचीवर कोणत्या घडणीचं खापर मिळतं हे त्यांनी टिपलं आणि त्यातून कालक्रम लावला. त्या काळच्या बऱ्याच जणांना यात काही अर्थ वाटला नाही. आज त्याशिवाय एकही उत्खनन चालत नाही.

खापराची साक्ष ग्रंथाच्या बाजूनेच पडेल असं नाही, आणि खरी गंमत इथेच आहे. यरीहोला जॉन गार्स्टँग यांनी १९३०च्या दशकात कोसळलेला तट शोधला आणि तो बायबलमधल्या यहोशवाच्या वेळचा म्हणून जाहीर केला. १९५२ ते १९५८ या काळात कॅथलीन केन्यन यांनी तिथे पुन्हा खणलं, उभे छेद काटेकोर वाचले, आणि तो तट सुमारे हजार वर्षं आधीचा ठरला. केन्यन शिकल्या मॉर्टिमर व्हीलर यांच्या हाताखाली. हेच व्हीलर १९४४ ते १९४८ या काळात भारताच्या पुरातत्त्व खात्याचे महासंचालक होते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकळिया यांनी इंग्लंडमध्ये त्यांच्याच उत्खननावर धडे घेतले. यरीहोचा तट आणि सांकळियांनी खणलेली नेवाशाची पांढर वाचणारी नजर अशी एकाच घराण्यातली.

मगिद्दोचा वाद तर अजून पुरता मिटलेला नाही. शलमोनानं हासोर, मगिद्दो आणि गेजेर बांधल्याचं राजांच्या पहिल्या पुस्तकात आहे. यिगाएल यादिन यांना तिन्ही ठिकाणी सहा खोल्यांची एकसारखी वेस दिसली, आणि शलमोन सापडला असं वाटलं. १९९६ साली इस्राएल फिंकेलस्टाइन यांनी खापरांचा हिशेब नव्याने मांडून ही बांधकामं ख्रिस्तपूर्व नवव्या शतकात, म्हणजे शलमोनानंतर ओढली. अमिहाई माझार यांनी त्याला उत्तर दिलं. जळक्या धान्याचे आणि जैतुनाच्या बियांचे कार्बन-निष्कर्ष दोन्ही बाजूंनी पुढे केले गेले.

हा वाद एका दगडानं मिटला असता. मिसरचा राजा शिशक यानं शलमोनाच्या मुलाच्या काळात स्वारी केली, त्याच्या नावाचा शिलालेखाचा तुकडा मगिद्दोलाच मिळाला आहे. तो ज्या थरात होता त्या थराला दहाव्या शतकाची बळकट खूण मिळाली असती. पण गॉटलीब शूमाखर यांनी १९०३ ते १९०५ या काळात टेकडीतून मोठा चर खणला, तेव्हा हा तुकडा कुणाच्या नजरेलाच आला नाही. पुढे १९२५पासून खणणाऱ्या शिकागो विद्यापीठाच्या पथकाला तो शूमाखरच्या टाकलेल्या मातीच्या ढिगात मिळाला. राजाचं नाव वाचता आलं, थर मात्र कायमचा गेला.

मुंबई, वसई आणि गोव्यातून पवित्र भूमीच्या यात्रेला जाणाऱ्यांना अशा टेकड्यांवर पायाखाली खापरं दिसतील. ती उचलून खिशात घालू नयेत. इस्रायलच्या १९७८च्या कायद्यानुसार १७०० सालापूर्वीची माणसाच्या हातची वस्तू पुरातन धरली जाते आणि सापडली तर ती सरकारची असते. शिवाय जागेवरून हललेलं खापर पुढच्या वाचणाऱ्याच्या काहीच उपयोगाचं उरत नाही. आठवण हवी असेल तर बेथलेहेमच्या दुकानांत जैतुनाच्या लाकडाचे क्रूस मिळतात.