मूठ फिरते, चाक फिरत नाही

विजेवरच्या सायकलीवर आपण बसतो, उजव्या हाताची मूठ पिळतो, आणि सायकल काही जागची हलत नाही. दुकानात न्यावी तर उत्तर बहुधा ठरलेले: ‘मूठ बदला.’ पुष्कळदा ती बदलूनही सायकल हलत नाही; मालकाचे पैसे मात्र जातात. म्हणून मुठीला दोषी ठरवण्यापूर्वी तिचे काम काय, हे समजून घेणे इष्ट होय.

जुन्या धर्तीच्या मोटारसायकलची मूठ तार ओढून इंधनाचा पुरवठा कमीजास्त करते. येथे तसे काहीच ओढले जात नाही. एडविन हॉल या अमेरिकन शास्त्रज्ञाला १८७९ साली असे आढळले, की सोन्याच्या वर्खातून वीज वाहत असता तो चुंबकीय क्षेत्रात धरला, तर प्रवाहाच्या आडव्या दिशेने सूक्ष्म विद्युतदाब उत्पन्न होतो. तेच तत्त्व या मुठीत नांदते. मुठीबरोबर एक लहानसे चुंबक फिरते; त्याच्याजवळ बसवलेला संवेदक त्याचे अंतर ओळखून विद्युतदाब बदलतो. तो दाब वाचून कंट्रोलर मोटारीला वीज देतो. म्हणजे मूठ ही विजेची तोटी नव्हे; ती केवळ निरोप्या आहे.

या निरोप्याला तीन तारा असतात. एकीतून सुमारे ५ व्होल्ट येतात, दुसरी परतीची, आणि तिसरीतून निरोप जातो. मूठ सैल असता निरोपाचा दाब १ व्होल्टच्या आसपास, आणि पूर्ण पिळता साडेतीन ते चार व्होल्टच्या घरात असतो.

आता शोध कसा घ्यावा? बॅटरी भरलेली असल्याची खात्री झाल्यावर प्रथम ब्रेक पाहावा. ब्रेकच्या लिव्हरमध्ये मोटार बंद करणारी कळ असते. लिव्हर किंचित अडकून राहिली, तरी कंट्रोलर मुठीचे ऐकत नाही. नंतर तारांची जोडणी पाहावी. पावसाचे पाणी शिरून तेथे हिरवट गंज चढतो. हँडल वळवताना मोटार मध्येच चालत वा थांबत असेल, तर तार आतून तुटली असल्याचा संशय घ्यावा.

त्यानंतर मोटारीचे चाक जमिनीवरून उचलून, जोडणी न सोडता, मल्टिमीटर लावावा. ५ व्होल्टच येत नसतील, तर बहुधा दोष कंट्रोलरकडे किंवा वाटेतील तारांत आहे. नवी मूठ फुकट जाईल. ते येत असून निरोपाचा दाब मुठीबरोबर संथपणे चढत असेल, तर मूठ निर्दोष. तो चढतच नसेल किंवा उड्या मारत असेल, तरच मूठ बदलावी. तारांच्या रंगांवर विसंबू नये; ते कारखान्यागणिक बदलतात. मुठीवर बॅटरीचा दर्शक असेल, तर त्याच्या तारेत ३६ किंवा ४८ व्होल्ट असू शकतात. ती चुकून संवेदकाच्या तारेला लागली, की संवेदक जळालाच म्हणून समजावे.

एका दोषाची मात्र थट्टा नाही. परतीची तार तुटली, की निरोपाचा दाब आपोआप वर चढू शकतो. मूठ पूर्ण पिळली आहे असे कंट्रोलर समजतो, आणि सायकल स्वाराला न विचारता धावू लागते. काही कंट्रोलर असा अवाजवी दाब ओळखून मोटार थांबवतात, सगळेच नव्हे. अशा वेळी ब्रेकमधील ती कळच स्वाराला वाचवते. कळ त्रास देते म्हणून तिच्या तारा कायमच्या सोडून ठेवणारे कारागीर आढळतात. सायकल चालू होते, मालकही संतुष्ट होतो. परंतु संकटकाळी मोटार थांबवणारा हात आपण कापून टाकला, हे त्याच्या ध्यानी येत नाही. कळ बिघडली तर ती दुरुस्त करावी, काढून टाकू नये. सायकल चालत नाही ही अडचण आहे; ती थांबत नाही, हा अपघात आहे.