एक इंजिन, पाच नावं

रांजणगाव म्हटलं की आधी महागणपती आठवतो. त्याच रांजणगावच्या एमआयडीसीत, फियाट आणि टाटा यांच्या भागीदारीतल्या कारखान्यात, एक छोटं डिझेल इंजिन बरीच वर्षं तयार होत होतं. फियाटच्या पुंटो-लिनियात ते ‘मल्टिजेट’ म्हणून बसलं, टाटांच्या इंडिका व्हिस्टात ‘क्वाड्राजेट’ म्हणून. हेच इंजिन मारुतीने परवाना घेऊन हरयाणात मानेसरला बनवलं आणि त्याला ‘डीडीआयएस’ म्हटलं. शेवरोलेच्या सेलमध्ये ते ‘स्मार्टेक’ झालं आणि युरोपात ओपेल-व्हॉक्सहॉलच्या गाड्यांवर ‘सीडीटीआय’. स्विफ्टवाला आणि व्हिस्टावाला आपापल्या इंजिनाची बाजू घेऊन तावातावाने भांडायचे, तेव्हा दोघांच्या बॉनेटखाली मूळ यंत्र एकच असायचं. मोटारींवर लिहिणाऱ्यांनी त्याला गमतीने ‘भारताचं राष्ट्रीय इंजिन’ म्हणायला सुरुवात केली, ती उगाच नव्हे.

फियाट आणि जनरल मोटर्स यांच्या भागीदारीतून २००३ मध्ये ते बाजारात आलं. क्षमता १२४८ सीसी. चार सिलिंडर, सोळा व्हॉल्व्ह, बिडाचा ब्लॉक आणि ॲल्युमिनियमचं हेड. सिलिंडरचा व्यास ६९.६ मिलिमीटर आणि पिस्टनचा स्ट्रोक ८२ मिलिमीटर. २००५ मध्ये एक ते १.४ लिटर गटातला ‘इंटरनॅशनल इंजिन ऑफ द इयर’ पुरस्कार त्याने पटकावला.

त्यामागचं तंत्र जुनं आणि फियाटच्याच घरात घडलेलं. जुन्या डिझेल इंजिनात सगळं इंधन एका दमात सिलिंडरमध्ये शिरायचं, एकदम पेट घ्यायचं आणि त्यातून ती ओळखीची खडखड निघायची. कॉमन रेल पद्धतीत पंप डिझेलला प्रचंड दाबाखाली एका नळीत साठवून ठेवतो आणि इंजेक्टर कधी उघडायचा हे संगणक ठरवतो. फियाटच्या संशोधकांनी हे तंत्र मोटारींसाठी आकाराला आणलं, पण १९९४ मध्ये त्याचे हक्क बॉशकडे गेले. १९९७ च्या अल्फा रोमिओ १५६ मध्ये ते पहिल्यांदा मोटारीत आलं. मल्टिजेटने पुढचं पाऊल टाकलं. एका ज्वलनासाठी लागणारं डिझेल पाच हप्त्यांपर्यंत विभागून फवारता येऊ लागलं. त्यामुळे आवाज उतरला, धूर घटला आणि ॲव्हरेज वाढलं.

भारतात त्याचं नशीब उघडलं ते २००७ च्या डिझेल स्विफ्टने. त्याआधी मारुतीने झेन आणि एस्टीममध्ये प्यूजोचं दीड लिटरचं डिझेल इंजिन वापरलं होतं. त्याला टर्बो नव्हता आणि चालवण्यात मजाही नव्हती. जून २०१० मध्ये पेट्रोलचे दर सरकारी नियंत्रणातून सुटले, डिझेलचे मात्र ऑक्टोबर २०१४ पर्यंत बांधलेले राहिले. मधल्या चार वर्षांत डिझेल गाड्यांवर उड्या पडल्या. मानेसरची इंजिनं पुरेनात, तेव्हा मारुतीने २०१२ मध्ये फियाटशी करार करून वर्षाला एक लाखापर्यंत इंजिनं विकत घेण्याची सोय केली. प्रतिस्पर्ध्याकडून इंजिन घेऊन स्वतःची गाडी विकण्याची ही वेळ मारुतीसारख्या कंपनीवर आली, यातच तेव्हाची मागणी कळते.

साधा टर्बो असलेल्या प्रकारात ताकद सुमारे ७५ अश्वशक्ती आणि टॉर्क १९० न्यूटन मीटर. मारुतीच्या सियाझ, अर्टिगा, ब्रेझा यांना व्हेरिएबल टर्बो मिळाला आणि ताकद ९० अश्वशक्तीवर गेली. माहितीपत्रकात न छापलेली गोष्ट म्हणजे टर्बो लॅग. दोन हजार आरपीएमच्या खाली ७५ अश्वशक्तीचं इंजिन जवळजवळ झोपलेलं असतं. वरंध घाटातल्या वळणावर चौघं बसलेली स्विफ्ट दुसऱ्या गिअरमध्ये दम टाकते, चालक पहिला टाकतो, आणि काटा दोन हजारांवर चढताच गाडी अशी उसळते की मागची मंडळी सीटला टेकतात. सवय झालेला चालक काटा खाली पडूच देत नाही.

टिकाऊपणाबद्दल दोन टोकांची मतं ऐकू येतात आणि दोन्ही खरी आहेत. आपल्याकडे टुरिस्ट परमिटच्या डिझायर लाखो किलोमीटर पळाल्या. ब्रिटनमध्ये मात्र व्हॉक्सहॉलच्या कोर्सातलं हेच इंजिन टायमिंग चेनच्या तक्रारींसाठी बदनाम झालं. फरक मुख्यतः ऑइलचा. या इंजिनात पट्ट्याऐवजी चेन आहे, त्यामुळे ती आयुष्यभर बदलावी लागणार नाही असा समज पसरला. पण चेन ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो आणि सम्पमध्ये ऑइल असतं जेमतेम तीन लिटर. युरोपात ते ३० हजार किलोमीटरपर्यंत तसंच ठेवण्याची मुभा होती, तर मारुतीने इथे १० हजारांची मर्यादा घातली. थोडकं ऑइल काजळीने दाट झालं, पातळी उतरली, की टेन्शनर ढिला पडतो, चेन सैल होते आणि एखाद्या दिवशी दात सोडते. मग पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात. अशा वेळी पुष्कळदा आधी रॉकर तुटतात आणि व्हॉल्व्ह वाचतात, तरी हेड उघडावं लागतंच.

टर्बोचं आयुष्यही त्याच तीन लिटरवर. त्याचा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेऱ्या मारतो आणि ऑइलच्या पातळ थरावर तरंगतो. एक्सप्रेसवेवरून उतरून फूड मॉलला थेट इंजिन बंद केलं, तर तापलेल्या बेअरिंगमधलं ऑइल जागीच जळतं. अर्धा-एक मिनिट इंजिन नुसतं चालू ठेवायचं, एवढाच उपाय. तो फुकट आहे म्हणूनच बहुधा कुणी करत नाही.

बाकी देखभाल साधी. डिझेल फिल्टर वेळेवर बदलणं आणि त्यात साचलेलं पाणी काढणं महत्त्वाचं, कारण पाणी गेलं की इंजेक्टर गंजतात आणि चार इंजेक्टरांचा खर्च खिसा रिकामा करतो. पिकअप मेला, धूर वाढला, तर आधी ईजीआर व्हॉल्व्ह, म्हणजे धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारी झडप, उघडून पाहावा. शहरात रेंगाळलेल्या गाडीत तो डांबरासारख्या काळ्या थराने भरलेला सापडतो. असा व्हॉल्व्ह साफ न करताच टर्बो बदलायला सांगणाऱ्या गॅरेजपासून सावध राहिलेलं बरं.

१ एप्रिल २०२० ला प्रदूषणाचे बीएस-६ निकष लागू झाले आणि या इंजिनाचा भारतातला प्रवास संपला. इतक्या लहान इंजिनावर धूर-शुद्धीकरणाची महाग यंत्रणा चढवणं परवडणारं नव्हतं. मारुतीने तर डिझेल मोटारीच बंद केल्या. सेकंडहँड बाजारात मात्र ही इंजिनं अजून ढिगाने आहेत. घ्यायची असेल तर गाडी सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना पाहा, आणि मालकाला आधी सुरू करून ठेवू देऊ नका. स्टार्ट केल्यावर चेनच्या बाजूने येणारी खळखळ दोन-तीन सेकंदांत थांबली नाही, किंवा ऑइल बदलल्याच्या पावत्या मिळाल्या नाहीत, तर चेन किटचा खर्च किमतीतून वजा करूनच बोलणी करा.